बालकांतील न्यूरोब्लास्टोमा : पेशींचे संदेश व रोगाचा प्रसार

कर्करोग हा उतारवयातील माणसांचा रोग होय, अशी समजूत खेड्यापाड्यांतूनच नव्हे, तर शहरांतील सुशिक्षित घरांतूनही आढळते. तंबाखू, विडी, मद्य यांच्या दीर्घकाळच्या व्यसनामुळे किंवा वाढत्या वयामुळे हा रोग जडतो, हे पुष्कळ अंशी खरेही आहे. परंतु ज्या बालकाने अद्याप पहिले पाऊलही टाकलेले नाही, त्यालाही कर्करोग होऊ शकतो. अशा बालकर्करोगांपैकी न्यूरोब्लास्टोमा हा एक प्रमुख रोग आहे. मेंदू व कवटी यांच्या बाहेर उद्‌भवणाऱ्या मुलांच्या घन गाठींमध्ये त्याचा क्रमांक पहिला लागतो. पाश्चात्त्य देशांतील नोंदींनुसार सुमारे सात हजार जन्मांमागे एका बालकास हा रोग होतो. रोगी बालकांपैकी दहांतील नऊ पाच वर्षांच्या आतील असतात आणि जवळजवळ निम्म्या बालकांत रोगाचे निदान दीड वर्षाच्या आतच होते.

रोग विरळ असला तरी त्याचे गांभीर्य मोठे आहे. निदान होते त्या वेळी सुमारे निम्म्या बालकांत तो मूळ जागेपासून दूरवर, विशेषतः अस्थिमज्जेत व हाडांत, पसरलेला असतो. मूळ गाठ शस्त्रक्रियेने काढता येते. पण पसरलेला रोग शस्त्राच्या टप्प्यात राहत नाही. म्हणून हा रोग पसरतो कसा, कोणाच्या सांगण्यावरून पसरतो आणि काही बालकांत तो न पसरता आपोआप का विरतो, हे प्रश्न वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने जीवनमरणाचे आहेत. या प्रश्नांचे उत्तर पेशींनी परस्परांना धाडलेल्या रासायनिक संदेशांत दडलेले आहे.

रोगाचे उगमस्थान

या रोगाचा उगम समजण्यासाठी मातेच्या उदरातील गर्भाकडे वळावे लागते. गर्भधारणेनंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गर्भाच्या पाठीवर मध्यरेषेलगत पेशींची एक पट्टी तयार होते. तिला तंत्रिका-शिखा असे म्हणतात. या पेशी एका जागी राहत नाहीत. त्या आपले मूळ स्थान सोडून गर्भाच्या शरीरात दूरवर प्रवास करतात. त्यांपैकी काही कण्याच्या दोन्ही बाजूंस स्थिरावून अनुकंपी मज्जासंस्थेची गुच्छिका बनवितात. भीती वाटली असता छातीत धडधडणे, तळहातास घाम येणे इत्यादी क्रिया ही संस्था घडवून आणते. काही पेशी मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींच्या गाभ्यात जाऊन राहतात.

या प्रवासात पेशी कोवळ्या, म्हणजे अर्धवट घडलेल्या, असतात. योग्य स्थळी पोचल्यावर त्यांची वाढ थांबते, त्यांना तंतू फुटतात आणि त्या प्रौढ मज्जापेशी बनतात. ज्या पेशींची गरज नसते त्या ठरावीक वेळी आपणहून नष्ट होतात. हे घडताना कोठे तरी चूक झाली, कोवळी पेशी कोवळीच राहिली आणि विभागत राहिली, तर तिच्यापासून न्यूरोब्लास्टोमाची गाठ निर्माण होते. म्हणूनच ही गाठ बहुधा अधिवृक्क ग्रंथीत अथवा पोट, छाती व मान यांतील कण्यालगतच्या गुच्छिकांत आढळते.

जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी १८६४ मध्ये अशा गाठीचे वर्णन केले होते. परंतु तिचे मूळ कोवळ्या मज्जापेशींत आहे हे अमेरिकेतील जेम्स होमर राइट यांनी १९१० मध्ये स्पष्ट केले व तिला आजचे नाव दिले. तत्पूर्वीच या रोगाच्या दोन भिन्न रूपांची नोंद झाली होती. विल्यम पेपर यांनी १९०१ मध्ये तान्ह्या मुलांत यकृतात पसरलेल्या रोगाचे, तर रॉबर्ट हचिसन यांनी १९०७ मध्ये कवटीच्या हाडांत पसरलेल्या रोगाचे वर्णन केले. एकच रोग एका बालकात यकृताकडे व दुसऱ्यात हाडांकडे का जातो, हे कोडे तेव्हापासून शास्त्रज्ञांपुढे उभे आहे.

संदेशवाहक द्रव्ये म्हणजे काय?

मानवी शरीरात अब्जावधी पेशी एकत्र नांदतात. एखाद्या मोठ्या गावाचा कारभार जसा निरोपांवाचून चालत नाही, तसा शरीराचा कारभारही संदेशांवाचून चालत नाही. पेशींचे निरोप म्हणजे त्यांनी बाहेर सोडलेली सूक्ष्म द्रव्ये होत. त्यांपैकी पुष्कळशी द्रव्ये प्रथिनांची बनलेली असतात. निरोप पोचण्याचे मुख्य तीन प्रकार आहेत. काही द्रव्ये रक्तातून सर्व शरीरभर जातात. ही जणू गावात पिटलेली दवंडी होय. काही द्रव्ये शेजारच्या पेशींपुरतीच पोचतात. हे कुंपणावरून शेजाऱ्याशी केलेले बोलणे होय. तिसऱ्या प्रकारात पेशी स्वतःच द्रव्य सोडते आणि स्वतःच ते ग्रहण करते. हे स्वतःशीच बोलणे होय. कर्करोगात या तिसऱ्या प्रकाराला फार महत्त्व येते.

दवंडी सर्वांच्या कानांवर पडली तरी ती ज्याच्या उपयोगाची असेल तोच घराबाहेर येतो. त्याचप्रमाणे प्रत्येक द्रव्यासाठी पेशीच्या पृष्ठभागावर विशिष्ट ग्राहक प्रथिन असावे लागते. कुलपात योग्य किल्ली बसावी तसे द्रव्य ग्राहकावर बसते. त्याबरोबर पेशीच्या आत एकापाठोपाठ एक अशा रासायनिक क्रिया सुरू होतात आणि अखेर पेशीच्या केंद्रातील जनुकांना आज्ञा पोचते : वाढ, थांब, स्थान सोड, प्रौढ हो किंवा मर. यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात यावी. निरोपाचा परिणाम निरोपावर जितका अवलंबून असतो, तितकाच तो ऐकणाऱ्या ग्राहकावरही अवलंबून असतो.

एका शोधाची कथा

मज्जापेशींच्या संदेशांचा पहिला मोठा शोध एका गाठीमुळेच लागला. एल्मर ब्यूकर या शास्त्रज्ञाने १९४८ मध्ये उंदराच्या एका गाठीचा तुकडा कोंबडीच्या गर्भात रोवला, तेव्हा गर्भाचे मज्जातंतू त्या गाठीत शिरलेले दिसले. अमेरिकेतील सेंट लुइस येथे व्हिक्टर हॅम्बर्गर यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या रीटा लेव्ही-मॉन्ताल्चिनी या इटालियन विदुषीने हा प्रयोग पुन्हा केला. मुसोलिनीच्या राजवटीतील वंशविषयक कायद्यांमुळे विद्यापीठाचे दार बंद झाले असता या बाईंनी तूरिन येथे स्वतःच्या निजण्याच्या खोलीत प्रयोगशाळा मांडून कोंबडीच्या गर्भांवर संशोधन चालू ठेवले होते. गाठ मज्जातंतूंना प्रत्यक्ष न चिकटता दूर असली तरीही तंतू भराभर वाढतात, असे त्यांना दिसून आले. याचा अर्थ, गाठीतून काही विरघळणारे द्रव्य बाहेर पडत असले पाहिजे. पुढे रिओ दी जानेरो येथे काचपात्रात ठेवलेल्या मज्जागुच्छिकेजवळ गाठीचा तुकडा ठेवताच एका दिवसात गुच्छिकेभोवती तंतूंचे प्रभामंडळ उमटले.

हे द्रव्य वेगळे करण्याचे काम स्टॅन्ली कोहेन यांनी केले. शोध घेता घेता ते सापाच्या विषात व नंतर नर उंदराच्या लाळग्रंथीत विपुल आढळले. त्याला मज्जातंतुवर्धक द्रव्य असे नाव मिळाले. हे द्रव्य निष्प्रभ करणारा रक्तरस नवजात उंदरांना टोचला असता त्यांच्या अनुकंपी गुच्छिका जवळजवळ नाहीशा झाल्या. तेव्हा कोवळ्या अनुकंपी पेशींचे जगणे, मरणे व प्रौढ होणे या द्रव्याच्या हाती असते, हे सिद्ध झाले. या कार्याबद्दल लेव्ही-मॉन्ताल्चिनी व कोहेन यांना १९८६ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

एकच रोग, दोन वाटा

आता न्यूरोब्लास्टोमाच्या कोड्याकडे वळू या. १९७१ मध्ये अमेरिकेतील डँजिओ, इव्हान्स व कूप या डॉक्टरांनी एका विलक्षण प्रकाराकडे लक्ष वेधले. काही तान्ह्या मुलांत रोग यकृत, त्वचा व अस्थिमज्जा यांत पसरलेला असूनही तो पुढे फारशा उपचारांवाचून आपोआप ओसरतो. पसरलेला कर्करोग आपणहून नाहीसा व्हावा, ही वैद्यकातील अत्यंत दुर्मिळ घटना होय. याउलट दीड वर्षावरील मुलांत हाडांपर्यंत गेलेला तोच रोग पुष्कळदा तीव्र उपचारांनाही दाद देत नाही.

या दोन वाटा कोठे फुटतात, याचा बराचसा उलगडा १९९० नंतरच्या दशकात झाला. ज्या गाठींच्या पेशींवर मज्जातंतुवर्धक द्रव्याचा ‘ट्रॅक-ए’ हा ग्राहक भरपूर असतो, त्या रोगाची वाट सौम्य असते, असे जपानी व अमेरिकी संशोधकांनी १९९३ मध्ये दाखवून दिले. अशी पेशी अजूनही शरीराचा शब्द ऐकते. वर्धक द्रव्य मिळाले तर ती प्रौढ बनते. न मिळाले तर मरण पत्करते. दोन्ही मार्गांनी गाठ निरुपद्रवी होते. तान्ह्या मुलांतील रोग आपोआप ओसरण्यामागे हेच मुख्य कारण असावे, असे मानले जाते.

उलटपक्षी आक्रमक गाठींमध्ये ‘ट्रॅक-ए’ अत्यल्प असून त्याचाच भाऊबंद ‘ट्रॅक-बी’ हा ग्राहक प्रबळ असतो. मेंदूत प्रथम सापडलेले ‘बीडीएनएफ’ नावाचे पोषक द्रव्य या ग्राहकावर बसते. ते द्रव्य या पेशी पुष्कळदा स्वतःच निर्माण करतात. म्हणजे स्वतःच निरोप धाडावयाचा व स्वतःच तो ऐकावयाचा. या स्वसंवादामुळे पेशीला शरीराच्या परवानगीची गरज उरत नाही. ती दीर्घकाळ जगते, आसपासच्या ऊतकांत घुसते, रक्तवाहिन्या वाढविणारी द्रव्ये सोडते आणि कर्करोगविरोधी औषधांच्या माऱ्यातूनही तग धरते.

या बंडखोरीला बळ देणारे एक जनुक १९८३ मध्ये सापडले. त्याचे नाव ‘मिक-एन’ असे आहे. निरोगी पेशीत या जनुकाच्या दोनच प्रती असतात. सुमारे एकपंचमांश रोगी बालकांच्या गाठींत मात्र त्याच्या दहापट, कधी शंभरपटीहूनही अधिक प्रती आढळतात. ज्या गाठीत हे जनुक असे बहुगुणित झालेले असते ती वेगाने वाढते व पसरते, असे १९८४ व १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. ‘मिक-एन’च्या अतिरेकाने ‘ट्रॅक-ए’ ग्राहकाची निर्मिती दडपली जाते, म्हणजे पेशीचा हितकारक निरोप ऐकणारा कानच बंद केला जातो. आजही प्रत्येक नव्या रोग्याच्या गाठीत या जनुकाची तपासणी करूनच उपचारांची तीव्रता ठरवितात.

२००८ मध्ये आणखी एक दुवा सापडला. ‘अल्क’ नावाच्या ग्राहकात बिघाड झाला, तर बाहेरून निरोप न येताही तो सतत ‘वाढ’ अशी आज्ञा देत राहतो. कुलपात किल्ली न लावताच दार उघडे राहावे, तशी ही अवस्था होय. काही मोजक्या कुटुंबांत हा रोग पिढ्यांतून उतरतो, त्याचे मुख्य कारण हाच बिघाड आहे. परंतु असे कुटुंबगत रोगी शंभरांत एक-दोनच असतात. बाकीच्या बालकांत रोग वारशाने आलेला नसतो.

बीज आणि भूमी

कर्करोगाची पेशी रक्तातून सर्वत्र फिरते, पण ती सर्वत्र रुजत नाही. इंग्रज शल्यवैद्य स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये या गोष्टीची तुलना बियाणे व जमीन यांच्याशी केली होती. वाऱ्याबरोबर बी चहूकडे उडते, पण उगवते ते मानवणाऱ्या भूमीतच. मूळ गाठीपासून दूर उगवणाऱ्या अशा दुय्यम गाठीस प्रक्षेप असे म्हणतात. न्यूरोब्लास्टोमाच्या बीजाला अस्थिमज्जेची भूमी विशेष मानवते. याचे कारण त्या भूमीतून येणाऱ्या निरोपांत आहे.

अस्थिमज्जेतील आधारपेशी ‘सीएक्ससीएल-१२’ नावाचे एक आकर्षक द्रव्य सतत सोडीत असतात. रक्त बनविणाऱ्या मूळपेशींना मज्जेत बोलावून तेथे बांधून ठेवणे, हे त्याचे नित्याचे काम होय. या द्रव्याचा ‘सीएक्ससीआर-४’ हा ग्राहक न्यूरोब्लास्टोमाच्या अनेक पेशींवरही आढळतो. म्हणून आपल्या मूळपेशींसाठी काढलेली हाक या परक्या पेशीही ऐकतात व मज्जेकडे ओढल्या जातात, असे २००१ पासूनच्या प्रयोगांतून दिसून आले आहे. येथे एक गोष्ट विशेष विचारात घेण्याजोगी आहे. गर्भावस्थेत महारोहिणीच्या आसपास हेच द्रव्य असते आणि तंत्रिका-शिखेच्या प्रवासी पेशींना त्यांच्या मुक्कामाकडे नेण्याचे काम तेच करते. म्हणजे कर्करोगाची पेशी प्रवासाची नवी विद्या शिकत नाही. गर्भातील जुनीच वाट ती अवेळी व अस्थानी चालू लागते.

मज्जेत शिरल्यावर तिचा दुसरा डाव सुरू होतो. तिच्या सान्निध्याने मज्जेतील आधारपेशी ‘इंटरल्यूकिन-६’ हे द्रव्य मोठ्या प्रमाणात सोडू लागतात. त्याचे परिणाम दोन प्रकारचे होतात. एक म्हणजे, हाड विरघळविणाऱ्या पेशी जाग्या होतात. निरोगी शरीरातही या पेशी जुने हाड पोखरीत असतात आणि दुसऱ्या पेशी नवे हाड रचीत असतात. हा तोल बिघडला म्हणजे हाड झिजू लागते. हाडाच्या घट्ट द्रव्यात साठविलेली वर्धक द्रव्ये त्यामुळे मोकळी होतात व ती कर्करोगाच्या पेशींना खत पुरवितात. पेशी वाढल्या की हाड आणखी झिजते आणि पुन्हा अधिक खत मिळते. असे हे दुष्टचक्र आहे. दुसरा परिणाम म्हणजे, ‘इंटरल्यूकिन-६’ कर्करोगाच्या पेशींना औषधांपासून संरक्षण देते. बालकाचे पाय दुखणे, त्याने लंगडणे, कवटीवर टेंगळे येणे या लक्षणांमागे हाडांतील हीच घडामोड असते.

शेजारच्या पेशींचा वाटा

गाठीत केवळ कर्करोगाच्याच पेशी असतात असे नाही. तिच्यात रक्तवाहिन्या, संरक्षक पेशी व मज्जातंतूंभोवती आवरण घालणाऱ्या श्वान पेशीही असतात. ज्या गाठीत श्वान पेशी विपुल असतात ती बहुधा सौम्य असते. या पेशी रक्तवाहिन्यांच्या वाढीस आळा घालणारी आणि कोवळ्या मज्जापेशींना प्रौढ करणारी द्रव्ये सोडतात. भला शेजारी उनाड मुलास वळण लावतो, त्याप्रमाणे हे कार्य चालते.

याच्या उलट प्रकारही घडतो. शरीराच्या रक्षणासाठी असलेल्या भक्षक पेशी पसरलेल्या रोगाच्या गाठींमध्ये अधिक आढळतात. परंतु तेथे त्या रक्षण करण्याऐवजी ‘इंटरल्यूकिन-६’सारखी द्रव्ये सोडून रोगाचीच सेवा करू लागतात. तसेच ‘टीजीएफ-बीटा’ नावाचे द्रव्य कर्करोगपेशींना मारणाऱ्या संरक्षक पेशींना निष्क्रिय करते. पहारेकऱ्यास गुंगी आणून घर लुटण्याचाच हा प्रकार होय.

संशोधनाचा उपचारांत उपयोग

संदेशांचे हे ज्ञान केवळ पुस्तकी नाही. ‘अ’ जीवनसत्त्वाशी संबंधित असलेल्या रेटिनॉइक आम्लाने न्यूरोब्लास्टोमाच्या पेशी काचपात्रात विभागणे थांबवितात व तंतू फुटून प्रौढ होऊ लागतात, असे १९८० नंतरच्या पहिल्या वर्षांतच आढळले होते. पेशीला मारण्याऐवजी तिला ‘मोठी हो’ असा निरोप देण्याची ही पद्धत होय. मुख्य उपचार पूर्ण झाल्यावर हे औषध दिल्याने तीव्र रोगाच्या बालकांत रोग उलटण्याचे प्रमाण घटते, असे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसून आले आणि तेव्हापासून ते उपचारांचा भाग बनले. वाचकांनी मात्र याचा अर्थ बालकास घरच्या घरी ‘अ’ जीवनसत्त्वाच्या जादा मात्रा द्याव्यात असा मुळीच करू नये. तसे करणे अपायकारक आहे.

कर्करोगपेशीच्या पृष्ठभागावरील ‘जीडी-२’ या खुणेवर नेमकी बसणारी प्रतिद्रव्ये अमेरिकेत २०१५ मध्ये मान्य झाली. ती शरीराच्या संरक्षक पेशींना शत्रू दाखवून देतात. ‘अल्क’ ग्राहकाचे कार्य रोखणाऱ्या गोळ्यांचाही उपयोग योग्य रोग्यांत केला जात आहे. ‘सीएक्ससीआर-४’ ग्राहक अडविणारे औषधही उपलब्ध आहे. परंतु त्याचा मान्य उपयोग मूळपेशी मज्जेतून रक्तात आणून गोळा करण्यापुरता आहे. त्यामुळे या रोगाचा प्रसार रोखला जातो, असे सिद्ध झालेले नाही. प्रयोगशाळेतील यश व रोग्याच्या खाटेजवळील यश यांत अंतर असते, हे या उदाहरणावरून ध्यानात येते.

आज सौम्य रोगाची शंभरांतील पंचाण्णवांहून अधिक बालके बरी होतात. तीव्र रोगात औषधे, शस्त्रक्रिया, मूळपेशींचे रोपण, किरणोपचार व प्रतिद्रव्ये यांचा सर्व उपचारक्रम मिळाला तर सुमारे निम्मी बालके दीर्घकाळ जगतात.

सरसकट तपासणीचा एक धडा

न्यूरोब्लास्टोमाच्या पेशी ॲड्रेनॅलिनसारखी द्रव्ये बनवितात व त्यांचे अवशेष लघवीत उतरतात. मग सर्वच तान्ह्या मुलांची लघवी तपासून रोग लवकर का पकडू नये, असा विचार जपानमध्ये पुढे आला व १९८० नंतरच्या दशकात तेथे देशभर सहा महिन्यांच्या बालकांची अशी तपासणी सुरू झाली. पुष्कळ गाठी सापडू लागल्या. परंतु कॅनडातील क्वेबेक प्रांतात सुमारे पावणेपाच लाख व जर्मनीत सुमारे पंधरा लाख बालकांची तपासणी करून २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी वेगळेच सत्य उघड केले. सापडलेल्या रोग्यांची संख्या वाढली, पण या रोगाने होणारे मृत्यू घटले नाहीत. कारण तपासणीत सापडत होत्या त्या बहुतांश आपोआप विरणाऱ्या गाठी होत्या. काही बालकांवर अनावश्यक शस्त्रक्रिया व औषधोपचार झाले. आक्रमक रोग मात्र तपासणीनंतर डोके वर काढीत होता. यानंतर थोड्याच वर्षांत जपाननेही ही योजना थांबविली.

सार्वजनिक आरोग्याच्या योजना आखणाऱ्यांसाठी हा धडा मोलाचा आहे. अधिक रोगी शोधणे म्हणजे अधिक जीव वाचविणे नव्हे. रोगाचा स्वभाव ओळखल्यावाचून केलेली तपासणी निष्फळ, प्रसंगी घातकही, ठरते. निरोगी दिसणाऱ्या सर्व बालकांची तपासणी करण्यापेक्षा लक्षणे दिसणाऱ्या बालकाला विलंब न लावता तज्ज्ञांकडे पोचविणे, हाच आज इष्ट मार्ग होय.

पालक, शिक्षक व आरोग्यसेवक यांच्यासाठी

पुढील लक्षणे आढळल्यास बालकास विनाविलंब डॉक्टरांना दाखवावे :

१. पोटात घट्ट, बहुधा न दुखणारी गाठ अथवा पोट एकाएकी मोठे दिसू लागणे.

२. मार लागल्याचे निमित्त नसता लंगडणे, सतत हाडे दुखणे किंवा चालू लागलेल्या मुलाने चालणे सोडणे.

३. डोळ्यांभोवती काळीनिळी वलये उमटणे अथवा डोळा पुढे आल्यासारखा दिसणे. ही वलये मार लागल्याची किंवा दृष्ट लागल्याची खूण समजून दवडू नयेत.

४. दीर्घकाळ राहणारा ताप, फिकटपणा, वजन घटणे व चिडचिड.

५. तान्ह्या मुलाच्या त्वचेखाली निळसर गाठी येणे.

६. डोळ्यांची बुबुळे चहूकडे वेगाने नाचणे व हातापायांना झटके येणे.

७. पायांतील शक्ती जाणे, लघवी वा शौचावरील ताबा सुटणे. गाठीचा दाब मज्जारज्जूवर पडल्याची ही खूण असू शकते. अशा वेळी एक दिवसाचाही विलंब करू नये.

या लक्षणांची कारणे बहुतेक वेळा साधीच असतात. त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. तथापि साध्या उपचारांनी दोन-तीन आठवड्यांत उतार न पडल्यास मुडदूस, जंत, लचक किंवा वाढीचे दुखणे असे म्हणून स्वस्थ बसू नये. पोटातील गाठ वारंवार दाबून पाहू नये, तेल लावून चोळू नये. पोटाची ध्वनिलहरींनी केलेली तपासणी, म्हणजे सोनोग्राफी, व लघवीची चाचणी यांवरून रोगाचा संशय पक्का करता येतो. अंतिम निदान गाठीच्या तुकड्याच्या व अस्थिमज्जेच्या तपासणीने होते. या रोगाचे उपचार बालकर्करोगाची सोय असलेल्या मोठ्या केंद्रांतच व्हावे लागतात. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, बंगळूरची किदवाई संस्था, हैदराबादची मेहदी नवाज जंग संस्था व अहमदाबादची गुजरात कर्करोग संशोधन संस्था ही अशी जवळची केंद्रे होत. ग्रामीण आरोग्य केंद्राने स्थानिक वैद्यकीय महाविद्यालयाच्या बालरोग विभागामार्फत रोग्यास तेथे पाठविणे सोयीचे ठरते.

शिक्षकांनी व अंगणवाडी सेविकांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. हा रोग एका मुलापासून दुसऱ्यास लागत नाही. उपचारांमुळे केस गळालेले मूल वर्गात परत आले, तर इतर मुलांनी त्याच्याजवळ बसण्यास, खेळण्यास काहीही हरकत नाही. मात्र उपचारांच्या काळात त्याची प्रतिकारशक्ती दुबळी असते. म्हणून वर्गात गोवर, कांजिण्या किंवा ताप यांची साथ असल्यास त्याच्या पालकांस तत्काळ कळवावे.

मातेच्या मनावरील ओझे उतरविणे हेही सर्वांचे कर्तव्य आहे. गरोदरपणी तिने अमुक खाल्ले, ग्रहणात बाहेर पडली किंवा तिच्या पायगुणाने असे झाले, अशी बोलणी कित्येक घरांत ऐकू येतात. या बोलण्यांना शास्त्राचा कसलाही आधार नाही. गर्भातील असंख्य पेशी आपापल्या वाटेने चालत असता त्यांपैकी एखादीने शरीराचा निरोप ऐकणे सोडले, यात कोणाचाही अपराध नसतो.

जी पेशी अजून शरीराचा शब्द ऐकते तिला प्रौढ करता येते. जी ऐकत नाही तिला रोखण्याचे मार्ग हळूहळू हाती येत आहेत. ते मार्ग बालकापर्यंत पोचावयाचे, तर बालकाने दिलेला निरोप घरातील व गावातील वडीलधाऱ्यांनी वेळीच ऐकला पाहिजे. बोलता न येणारे मूल लंगडून, रडून, मांडीवरून खाली न उतरता आपले दुखणे सांगत असते. त्याकडे लक्ष देणे, ही उपचाराची पहिली पायरी होय.